नारिंगी भावजय, काळी-पिवळी नणंद

बर्निस कोलेसारचं लग्न ठरलं तेव्हा तिच्या वडिलांनी होणाऱ्या जावयाला एकच प्रश्न विचारला. पगार विचारला नाही, कारण दोघेही पोलादाच्या एकाच कारखान्यात, एकाच भट्टीवर राबत होते. घराणं विचारलं नाही, कारण दोन्ही घरची म्हातारी माणसं स्लोव्हाकियातल्या शेजारशेजारच्या गावांतून आलेली. म्हाताऱ्यानं विचारलं ते एवढंच, "रविवारी तू कुणाच्या बाजूचा?"

सिरिल हुडाक गडबडला. "मी... मी कबुतरं पाळतो," तो म्हणाला.

म्हातारा म्हणाला, "असू दे. त्यापेक्षा वाईट काही निघालं असतं."

यंग्सटाउनात हा प्रश्न चुकत नाही. एका अंगाला क्लीव्हलंड, दुसऱ्या अंगाला पिट्सबर्ग, दोन्ही सारख्याच अंतरावर. आणि मधोमध आमचं गाव, दोन सवतींच्या मधे सापडलेल्या नवऱ्यासारखं. सकाळी चर्चमध्ये एका बाकावर मांडीला मांडी लावून बसलेली माणसं दुपारी दोन गोटांत फुटतात. हा अमेरिकन फुटबॉलचा मामला: क्लीव्हलंडच्या ब्राउन्स टीमचे ते नारिंगी, पिट्सबर्गच्या स्टीलर्सचे ते काळे-पिवळे. म्हातारा कोलेसार इतका नारिंगी, की बर्निस लहान असताना तो तिला थंडीत बसनं क्लीव्हलंडला न्यायचा, तळ्याकाठच्या त्या मोठ्या मैदानात. तळ्यावरून येणारा वारा हाडं फोडायचा. तो तिच्या कोटाच्या आत वर्तमानपत्राचे कागद कोंबायचा आणि सांगायचा, "ताताच्या पाठीमागे उभी राहा, वारा लागणार नाही." वारा लागायचाच. पण एरवी घरात चार शब्द न बोलणारा ताता तिथं गळ्याच्या शिरा ताणून ओरडायचा, हसायचा, अनोळखी माणसांना मिठ्या मारायचा. बर्निसला तो बाप फक्त तिथंच भेटायचा.

तर सिरिल कबुतरवाला निघाला, म्हणून म्हातारा निर्धास्त झाला. पण सिरिलला बहीण होती, हे त्यानं धरलंच नव्हतं.

ओल्गा थोरली. तिचं लग्न आधीच झालेलं, हद्दीपलीकडच्या पेनसिल्वेनियातल्या नुन्झियो फेरारोशी. फेरारोंचं अख्खं कुळ स्टीलर्सवालं. माहेरी कधी चेंडूकडे ढुंकूनही न पाहिलेली ओल्गा सासरी जाऊन सासरच्यांपेक्षा कडवी झाली. आमच्याकडे लग्नात केकपेक्षा कुकीजचं टेबल महत्त्वाचं. दोन्हीकडच्या बायका आठवडाभर भट्ट्या तापवतात, आणि कुणी काय आणलं यावर पुढची दहा वर्षं बोलणं होतं. बर्निसच्या लग्नात त्या लांबलचक टेबलाच्या अगदी मधोमध ओल्गानं आपला थाळा ठेवला. सगळ्या कुकीज काळ्या-पिवळ्या.

म्हाताऱ्या कोलेसारचे कान लाल झाले. नवरी पदरासारखा तो पांढरा झगा सावरत टेबलाशी आली, एक कुकी उचलली, सगळ्यांच्या देखत सावकाश चावून खाल्ली आणि म्हणाली, "छान झालीय. तुमच्या टीमसारखीच आहे. वरून रंगरंगोटी, आत भुसा."

ओल्गा असं खदाखदा हसली, की तिच्या डोळ्यांतलं काजळ गालांवर उतरलं. "सिरिल," ती भावाला म्हणाली, "ही टिकेल रे आपल्या घरात."

तिथून पुढे वर्षातून दोनदा, या दोन टीम समोरासमोर आल्या की ओल्गा आणि नुन्झियो बर्निसकडे जेवायला. बर्निसचं सूप, त्यात बोराएवढे मांसाचे गोळे आणि पालेभाजी, ओल्गाचा पाव. आणि नियम एकच: जिची टीम हरेल तिनं सगळी भांडी घासायची, सुपाच्या मोठ्या पातेल्यासकट. जिंकणारीनं त्याच स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसायचं, कॉफी प्यायची आणि सूचना द्यायच्या.

"तिथं कडेला बघ जरा. पिवळं राहिलंय," बर्निस म्हणायची.

"दिसतंय मला. मुद्दाम ठेवलंय. शोभा येते," ओल्गा घासता घासता म्हणायची.

सुरुवातीची वर्षं ओल्गानंच घासली. स्टीलर्स तेव्हा गरीब बिचारी टीम होती. ब्राउन्स येता-जाता त्यांना टपली मारत. सिरिलला खेळातलं काही कळत नसे. एवढी धिप्पाड माणसं एका लांबोडक्या चेंडूसाठी एकमेकांच्या अंगावर का पडतात, हा प्रश्न त्यानं शेवटपर्यंत विचारला. पण बायको हरो की बहीण, तो फडकं घेऊन शेजारी उभा राहायचा आणि भांडी पुसायचा. "मी कोरड्या बाजूचा," असं म्हणायचा.

सत्तर साल उलटलं आणि पारडं फिरलं. स्टीलर्स अशी काही उठली की त्या दशकात चार वेळा देशभरात अजिंक्य ठरली. पिट्सबर्गच्या मैदानात ब्राउन्स दरवर्षी जायचे आणि दरवर्षी मार खाऊन यायचे. एक नाही, दोन नाही, सोळा वर्षं. घरच्या मैदानात कधीमधी लाज राखली जाई, पण पिट्सबर्गचा सामना म्हणजे बर्निसनं सकाळीच बाह्या वर करून ठेवायच्या.

"पाणी गरम आहे ना गं?" ओल्गा खुर्चीतून काळजीनं विचारायची. "थंड पाण्यानं हात फुटतात. तुला तर रोजचंच झालंय."

त्याच दशकात एका सोमवारी कारखान्यानं आपली दारं बंद करत असल्याचं सांगितलं. त्या एका सकाळी आमच्या गावातली हजारो माणसं रस्त्यावर आली. सिरिल त्यांतलाच. दोन आठवडे तो गच्चीवर कबुतरांपाशी बसून राहिला. सामन्याचा रविवार आला तेव्हा बर्निसनं ओल्गाला फोन केला, "या खेपेला नको. मन नाही."

दुपारी दारात ओल्गा उभी. हातात झाकलेलं पातेलं, मागे नुन्झियो पावांची पिशवी घेऊन.

"मी म्हटलं होतं ना, नको," बर्निस म्हणाली.

"स्वयंपाक नको म्हणालीस. तो मी केलाय. पण भांडी हरणारीनंच घासायची. त्यात सवलत नाही."

ब्राउन्स हरले. ओल्गानं खरंच खुर्ची टाकली, कॉफी मागितली आणि पातेल्याच्या बुडाशी चिकटलेलं दाखवत बसली. सगळं गाव त्या दिवसांत हुडाकांशी हलक्या आवाजात, आजारी माणसाशी बोलावं तसं बोलत होतं. ओल्गा तेवढी नेहमीसारखी छळत होती. सिरिल गच्चीवरून खाली आला आणि फडकं घेऊन उभा राहिला.

पुढे त्याला हॉस्पिटलात साफसफाईचं काम मिळालं आणि बर्निस शाळेची बस चालवायला लागली. पहिल्याच सकाळी कोपऱ्यावर ओल्गा हजर, हद्दीपलीकडून खास गाडी चालवत आलेली. शाळेच्या बस पिवळ्या आणि त्यांवर काळी अक्षरं, हे बर्निसच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"अगोबाई!" ओल्गा रस्त्यावरूनच ओरडली. "पिवळी गाडी, काळी अक्षरं! आलीस ना शेवटी आमच्यात!"

बर्निसनं बस थांबवली, दार उघडलं. "शाळेत यायचंय का? चढ. अजून वेळ गेलेली नाही. बेरीज शिकवतील, स्वतःच्या टीमच्या चुका मोजता येतील." आणि दार लावून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तिनं आरशाला नारिंगी लोकरीचा गोंडा बांधला. बस बदलल्या, गोंडे बदलले, रंग तोच राहिला.

सोळा वर्षांचा शाप सुटला तो एकदाचा ऐंशीच्या दशकात, पिट्सबर्गलाच. त्या दिवशी बर्निस कॉफीचे चार कप प्यायली. केवळ खुर्चीवरून उठावं लागू नये म्हणून. तीनेक वर्षांनी सिरिल गेला. भट्टीवरच्या धुरानं त्याची फुप्फुसं केव्हाच पोखरली होती. दफनानंतरच्या पहिल्या सामन्याला ओल्गा आली, हरली, बाह्या वर करून भांड्यांपाशी उभी राहिली. पहिली ताटली धुऊन तिनं सवयीनं उजवीकडे धरली. तिथं कुणीच नव्हतं. तिचा हात तसाच राहिला, ताटलीतून पाणी जमिनीवर ठिबकत राहिलं.

बर्निस खुर्चीतून उठली, फडकं घेतलं आणि ताटली तिच्या हातातून काढून घेतली. तेव्हापासून नियमात तेवढा बदल झाला. हरणारी घासेल, जिंकणारी पुसेल.

मग पंचाण्णव सालचा नोव्हेंबर आला.

कुजबूज शनिवारपासूनच होती. सोमवारी दुपारी बर्निस पोरांना घरी सोडत होती आणि बसमधल्या रेडिओनं सांगितलं, की ब्राउन्सचा मालक टीम उचलून बाल्टिमोरला नेतोय. हंगाम संपला की क्लीव्हलंडात टीम नाही. बर्निसनं रेडिओ बंद केला. प्रत्येक पोराला त्याच्या दारापाशी उतरवलं, पट्ट्यात अडकलेली एकीची वेणी सोडवून दिली. बस आगारात लावली, नेहमीसारखी आतून झाडली. घरी येऊन टीव्हीची वायर भिंतीतून उपटली आणि कोट न काढताच सोफ्यावर बसली.

फोन वाजला. ओल्गा.

"काय गं! तुमच्या मालकानं बाडबिस्तरा बांधला म्हणे! आता रविवारी काय करशील? विणकाम?"

बर्निसनं रिसीव्हर हळूच खाली ठेवला. आपटला असता तर ओल्गाला बरं वाटलं असतं.

तिकडे फेरारोंच्या घरी नुन्झियो स्वयंपाकघरात जेवत होता. जेवताना तो सहसा बोलत नसे. "फोन कट झाला वाटतं," ओल्गा म्हणाली आणि काय बोलणं झालं ते हसत हसत सांगितलं. नुन्झियोनं काटा खाली ठेवला.

"तिचा बाप मेला तेव्हा अशीच थट्टा केली होतीस का?"

"बाप कुठला? टीम गेलीय, नुन्झियो!"

"तिला तिच्या बापाकडून दुसरं मिळालं काय होतं?" तो म्हणाला आणि पुन्हा जेवायला लागला.

ओल्गाचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ती बर्निसच्या दारात गेली. दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी गेली, उघडलं नाही. शुक्रवारी चर्चच्या तळघरात दोघींची गाठ पडणारच होती, कारण तिथं दर शुक्रवारी बायका विकायला पिरोगी करतात आणि वर्षानुवर्षं या दोघी एका टेबलावर. ओल्गा पारी लाटायची, बर्निस बटाट्याचं सारण भरून कडा मुडपायची. त्या शुक्रवारी बर्निस पार टोकाला जाऊन बटाटे सोलत बसली. ओल्गाच्या शेजारी दुसऱ्याच बाईनं कडा मुडपल्या आणि उकळत्या पाण्यात निम्म्या पिरोग्या फुटल्या. कुणी हसलं नाही.

नुन्झियोकडे पुढच्या सोमवारच्या सामन्याची दोन तिकिटं होती, पिट्सबर्गची. ब्राउन्स विरुद्ध स्टीलर्स. बातमी फुटल्यानंतरचा दोघांचा पहिलाच सामना, आणि पिट्सबर्गमधला कदाचित कायमचा शेवटचा. वर्षभर जपलेली ती तिकिटं त्यानं बायकोच्या हातात ठेवली. "माझ्याऐवजी तिला ने."

"ती दार उघडत नाही."

"एक दार तिला उघडावंच लागतं," नुन्झियो म्हणाला.

सोमवारी सकाळी ओल्गा पोरांच्या रांगेत, बसथांब्यावर उभी राहिली. बस आली, दार उघडलं, पोरं चढली, आणि त्यांच्यामागून ओल्गाही चढली.

"उतर, ओल्गा. ही पोरांची बस आहे."

"चुकले मी."

"उतर."

"जीभ हासडून टाकायला हवी होती माझी. संध्याकाळची तिकिटं आहेत. चल माझ्याबरोबर."

"कुठं? तुमच्या मैदानात?" बर्निसनं तिच्याकडे न बघता विचारलं. "माझ्या माणसाचं प्रेत बघायला?"

"प्रेत निघतं तेव्हा घरचं कुणी एकटं जातं का?" ओल्गा म्हणाली. "सोबत माणसं लागतात. मी येते."

मागून एक बारीक आवाज आला, "मिसेस हुडाक, उशीर होतोय."

"बस खाली," बर्निस ओल्गाला म्हणाली. तिथून शाळेपर्यंत ओल्गा पोरांच्या त्या चिमुकल्या बाकावर गुडघे पोटाशी घेऊन बसून राहिली.

संध्याकाळी पिट्सबर्गला पोचल्यावर ओल्गानं पर्समधून केकच्या खोक्याला बांधतात तसली नारिंगी फीत काढली आणि आपल्या काळ्या-पिवळ्या कोटाच्या बाहीवर गाठ मारून बांधली. "एका हातानं जमत नाही. नीट बांध," ती म्हणाली. बर्निसनं मुकाट्यानं बांधली. तिला वाटलं, एवढ्या पिवळ्या समुद्रात ही एकच वेडी. पण आत जाऊन बसल्यावर तिला दिसायला लागलं. तीन रांगा खाली एकाच्या दंडावर नारिंगी पट्टी. पलीकडे एका बाईच्या टोपीवर नारिंगी फूल. डावीकडे आणखी दोघं. हे तेच लोक, ज्यांनी तिला आयुष्यभर टीव्हीतून वाकुल्या दाखवल्या होत्या.

मागच्या बाकावर डोक्यापासून पायांपर्यंत पिवळं रंगवलेला एक आडदांड माणूस होता. त्यानं बर्निसची नारिंगी टोपी पाहिली, वाकून तिच्या खांद्यावर हात ठेवला. "बाई, फार वाईट झालं," तो म्हणाला. "आता आम्ही शिव्या तरी कुणाला घालायच्या?"

आठवडाभर न रडलेली बर्निस तेव्हा रडली. हमसून हमसून, अगदी नाक पुसायचं भान नाही अशी. ओल्गानं रुमाल दिला, मग स्वतःच्या मफलरचं टोक दिलं. तो पिवळा माणूस घाबरून गरमागरम चॉकलेटचा पेला घेऊन आला. मैदानात ब्राउन्स हरत होते, व्यवस्थित हरत होते, आणि त्या दिवशी त्याचं कुणाला फारसं काही वाटत नव्हतं.

परतताना बर्निसच्या घरासमोर गाडी थांबली तेव्हा ओल्गानं विचारलं, "माफ केलंस का?"

"नाही," बर्निस दार उघडत म्हणाली. "पण परवा सूप करतेय. नुन्झियोलाही आण."

क्लीव्हलंडनं भांडून टीमचं नाव आणि रंग गावातच ठेवून घेतले. खेळाडू गेले. नवी टीम देऊ, असं वरच्यांनी कबूल केलं, पण त्याला तीन वर्षं लागणार होती. ती तीन वर्षं बर्निसची विचित्र गेली. ओल्गानं पहिल्याच रविवारी विचारून पाहिलं, "तोवर आमच्याकडे ये की. नुसतं बघायला." बर्निस म्हणाली, "नवरा मेला म्हणून शेजाऱ्याकडे नांदायला जात नाहीत." पण ओल्गाचीही गंमत गेली होती. स्टीलर्स जिंकायचे, आणि जिंकून झाल्यावर ती नकळत फोनकडे बघायची. कुणाला डिवचायचं? बाल्टिमोरशी सामना असला की मात्र ती पेटून उठायची. "चोर! उचले!" असा उद्धार करायची, इतका की बर्निसलाच तिला आवरावं लागे. "अगं, माझी टीम नेली, तू का रक्त आटवतेस?"

"तुझी नेली म्हणजे? माझा मार खाणाराही नेला ना त्यांनी! हक्काचा होता माझा!"

त्याच काळात रक्तातल्या साखरेनं ओल्गाचे डोळे खाल्ले. आधी मधोमध डाग, मग धुकं, मग नुसता उजेड-अंधार. रविवारी टीव्ही लावला तरी तिला पडद्यावर मुंग्या पळाल्यासारखं दिसे. समालोचकांचं बोलणं तिला पटत नसे. "हे लोक चेंडू सोडून स्वतःच्या कॉलेजच्या आठवणी सांगतात," ती म्हणायची. नुन्झियोला सांग म्हटलं तर तो "पळाला... पडला..." एवढं सांगून घोरायला लागे. तेव्हा बर्निस रविवारी हद्द ओलांडून फेरारोंकडे जायला लागली. टीव्हीचा आवाज बारीक करायची आणि ओल्गाच्या शेजारी बसून सामना सांगायची. स्टीलर्सचा सामना. आयुष्यभर जिनं ज्यांचं वाटोळं चिंतलं, तिनं.

पहिले काही आठवडे तिनं मनसोक्त लबाडी केली.

"तुझा तो लांब पोरगा चेंडू घेऊन पळतोय... पळतोय... आई गं, स्वतःच्याच पायात पाय अडकून पडला."

"खोटं! लोक ओरडताहेत, मला ऐकू येतंय!"

"हसताहेत ते."

पण हळूहळू तिला त्या कामाची गोडी लागली. कोण कुठून धावतो, कोण आडवा येतो, कुणाच्या कोपराला पट्टी आहे, पावसानं मैदानाचा कसा चिखल झालाय, प्रशिक्षकानं रागानं टोपी कशी आपटली, सगळं ती सांगे. बोलता बोलता खुर्चीच्या टोकाशी येई. ओल्गा डोळे मिटून ऐकायची, आणि मधेच म्हणायची, "थांब, तो पडला तो कसा? उताणा की कुशीवर?"

नव्व्याण्णवच्या सप्टेंबरात क्लीव्हलंडला नवी टीम मिळाली. नाव तेच, रंग तोच, तळ्याकाठी नवं कोरं मैदान. पहिला सामना कुणाशी? स्टीलर्सशीच. बर्निसनं नवी टोपी घेतली, सुपाचं पातेलं गाडीत घालून फेरारोंकडे नेलं.

नवखी पोरं होती बिचारी. स्टीलर्सनी त्यांना चटणीसारखं वाटलं. आणि ते सगळं बर्निसला स्वतःच्या तोंडानं सांगावं लागलं.

"परत चेंडू तुमच्याकडे," ती म्हणाली. "परत गुण."

"किती झाले?"

बर्निसनं सांगितलं. मग आणखी झाले, तेही सांगितले. अर्ध्याच्या पुढे ओल्गा अस्वस्थ व्हायला लागली. "बर्निस," ती शेवटी म्हणाली, "मधेमधे थोडं खोटं सांगितलंस तरी चालेल गं."

"नाही," बर्निस म्हणाली. "जसं घडतंय तसं सांगणार." आणि शेवटचा आकडा तिनं मान ताठ ठेवून सांगितला: त्रेचाळीस-शून्य.

ओल्गाच्या तोंडाच्या कोपऱ्यातून हसू फुटत होतं, ती ते दाबत होती, आणि ते दाबलं जात नव्हतं. "त्या शून्यात," ती म्हणाली, "एखादं भोकबिक असेल का गं? तुझी पोरं त्यातून घरी पळून गेली असतील."

बर्निसनं तिच्याकडे पाहिलं. चार वर्षांनी कुणीतरी तिला तिच्या टीमवरून चिडवत होतं. "हलकट," ती म्हणाली आणि दोघी एकमेकींच्या अंगावर कोसळून अशा हसल्या की नुन्झियो दचकून जागा झाला आणि कोण जिंकलं म्हणून विचारू लागला.

नोव्हेंबरात परतीचा सामना, पिट्सबर्गला. कुणी काही आशा धरली नव्हती. पण नवखी पोरं चिवटपणे लटकून राहिली. अगदी शेवटाला स्टीलर्स दोन गुणांनी पुढे, चेंडू ब्राउन्सकडे आणि घड्याळ पळतंय. बर्निस उभी राहून सांगत होती, "किक मारणारे धावत आत आलेत, खांबांमधून गेला तर तीन गुण. घड्याळ थांबवायला काही उरलं नाही. पळताहेत, उभे राहताहेत, देवा, लवकर, अरे लवकर उभे राहा... चेंडू मागे दिला... मारला..."

आणि तिचा आवाज बंद पडला.

"मारला, पुढे?" ओल्गा सोफ्यावर सरसावली. "बर्निस! पुढे काय? बोल की गं!"

बर्निस दोन्ही हात तोंडावर धरून उभी होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"गेला खांबांमधून," नुन्झियो कोपऱ्यातून म्हणाला. "सोळा-पंधरा."

"तुला कुणी विचारलं?" ओल्गा त्याच्यावर खेकसली. "मला हिच्या तोंडून ऐकायचंय!"

मग बर्निस तिच्या शेजारी बसली, तिचा हात हातात घेतला आणि पहिल्यापासून सांगितलं. चेंडू कसा वर गेला, वाऱ्यानं कसा जरासा कलला, खांबाच्या आतून कसा निसटला, पिट्सबर्गचं अख्खं मैदान कसं मुकं झालं, आणि नारिंगी पोरं एकमेकांच्या उरावर कशी पडली. ओल्गानं सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाली, "मेल्यांनी घात केला." आणि तिचा हात काही सोडला नाही.

पुढे बर्निस बस चालवायची थांबली. ओल्गाचे गुडघे गेले, मग मूत्रपिंडं गेली. पण रविवार कधी बुडाला नाही. दोन हजार सहाच्या फेब्रुवारीत स्टीलर्स पुन्हा अजिंक्य ठरले, तो सामना बर्निसनं तिला हॉस्पिटलच्या खोलीत सांगितला. ओल्गाला मधेच ग्लानी यायची. जाग आली की बर्निस चुकलेला भाग पुन्हा सांगायची आणि मग पुढे जायची. अर्धी लढत संपल्यावर नर्स म्हणाली, "तुम्ही फार मोठ्या स्टीलर्सवाल्या दिसता." ओल्गानं डोळे मिटूनच सांगितलं, "हिला असं काही बोलू नका. चक्कर येईल तिला." एप्रिलमध्ये ओल्गा गेली.

दफनानंतरचं जेवण चर्चच्या तळघरात होतं. पिरोग्या, हॅम, बटाट्याचं सॅलड. पलीकडच्या टेबलांवर पेनसिल्वेनियाचे फेरारो, अलीकडे आमच्या गावची माणसं. सगळे आपापल्या ताटात बघून, चमच्यांचासुद्धा आवाज न करता जेवत होते. नुन्झियो मधोमध बसला होता. तीन दिवसांत तो जेमतेम दहा शब्द बोलला असेल.

कॉफी वाढताना बर्निसच्या कानावर पडलं. नुन्झियोचा पुतण्या कार्माइन शेजाऱ्याच्या कानात पुटपुटत होता, की क्लीव्हलंडला पुन्हा टीम दिली हीच चूक झाली, होते नव्हते तेवढे चांगले दिवसही त्यांनी मातीत घातले.

बर्निसनं कॉफीचं भांडं टेबलावर ठेवलं. "काय म्हणालास?"

कार्माइन ओशाळला. "काही नाही, बर्निस मावशी. आज नको."

"आज नको तर केव्हा? ओल्गाच्या जेवणाला माणसं मुंग्यांसारखी बोलणार? मोठ्यानं बोल. सगळ्यांना ऐकू दे तुझी अक्कल."

कार्माइननं नुन्झियोकडे पाहिलं. नुन्झियोनं खांदे उडवले. मग कार्माइन घसा साफ करून जरा मोठ्यानं बोलला. अलीकडच्या टेबलावरून कुणीतरी ओरडलं. पलीकडून दोघांनी उत्तर दिलं. सत्तर सालची भांडणं निघाली, साठ सालची निघाली, कुणाच्या तरी आजोबांचं नाव निघालं. पाद्रीबाबा जिन्यावरून डोकावले आणि तसेच परत गेले. नुन्झियो टेबलावर मूठ आपटून हसत होता, आणि डोळे पुसत होता.

"खुर्ची ओढ इकडे," बर्निस कार्माइनला म्हणाली आणि स्वतः त्याच्यासमोर ऐसपैस बसली. "आणि ते हॅम इकडे दे. हे लवकर आटपणारं नाही."